शाळेच्या बँडसाठी पहिली रचना: भूप, काळी पाच आणि मुलांच्या अडण्याच्या जागा

आपण पुण्यातील एका माध्यमिक शाळेत संगीत शिकवता, गायन आणि हार्मोनियम हा आपला मूळ अभ्यास आहे, शाळेच्या प्रार्थनांना आणि समूहगीतांना आपण चाली लावलेल्या आहेत, आणि जानेवारीतील स्नेहसंमेलनासाठी शाळेच्या बँडकरिता स्वतःची एक रचना करावी असे आपल्या मनात आहे. बँडमध्ये सातवी ते नववीची ३२ मुले आहेत: फ्लूट ४, क्लॅरिनेट ७, आल्टो सॅक्सोफोन ३, टेनर सॅक्सोफोन १, ट्रम्पेट ६, ट्रॉम्बोन ३, युफोनियम (खालच्या सुरांचे पितळी वाद्य) २, सुझाफोन (खर्जाचे मोठे पितळी वाद्य) १ आणि तालवाद्यांवर ५. मुले दीड वर्षापासून शिकत आहेत. भूप रागातील चाल आपल्याला सुचलेली आहे, पण ती इतक्या वाद्यांवर वाटून कशी द्यावी, सुरुवात कुठून करावी, असे आपण विचारले आहे.

मी पचमढीला लष्करी संगीताचे शिक्षण घेतले, पुढे बरीच वर्षे लष्कराच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवले आणि निवृत्तीनंतर पुण्यातच शाळांचे बँड शिकवतो आहे. त्या अनुभवावरून सांगतो, की चाल हाताशी असली तरी लगेच स्कोअर, म्हणजे सर्व वाद्यांच्या ओळींचा एकत्र कागद, लिहायला बसू नये. आधी दोन तालमी नुसत्या एका रेघी वही घेऊन बसावे. प्रत्येक मुलाच्या नावापुढे चार गोष्टी टिपाव्यात: त्याचा न डगमगणारा सर्वांत खालचा सूर, तसाच सर्वांत वरचा सूर, मध्यम आवाजात एका श्वासात तो किती सेकंद सूर धरतो, आणि कोणत्या दोन सुरांमध्ये जाताना तो अडखळतो. यांतील चौथी नोंद सर्वांत मोलाची असते, आणि नवीन रचना करणारे नेमकी तीच करत नाहीत. सुरांची यादी पुस्तकातही मिळते. अडखळण्याची जागा मात्र मुलाच्या शेजारी बसूनच कळते. नवशिक्यांसाठी लिहिताना कोणते सूर वापरावेत यापेक्षा कोणत्या सुरावरून कोणत्या सुरावर जावे, हा प्रश्न मोठा असतो.

आता सा कुठे धरायचा ते ठरवू. आपण हार्मोनियमचे असल्यामुळे त्याच भाषेत सांगतो. शाळेच्या बँडचा सा काळी पाचमध्ये, म्हणजे पाश्चात्त्य भाषेत बी फ्लॅटमध्ये, धरावा. बँडमधील बहुतेक वाद्ये लिहिलेल्या सुरापेक्षा वेगळा सूर देतात, हे आपल्या लक्षात आलेच असेल. क्लॅरिनेट, ट्रम्पेट आणि टेनर सॅक्सोफोन वाजवणारी मुले कागदावरचा सी वाजवतात, तेव्हा ऐकू येते ती काळी पाच. आल्टो सॅक्सोफोनवरचा सी ऐकू येतो काळी दोनमध्ये. फ्लूट, ट्रॉम्बोन, सुझाफोन आणि बेस क्लेफमध्ये (खालच्या सुरांच्या स्वरलिपीत; वरच्या सुरांची ती ट्रेबल क्लेफ) लिहिलेले युफोनियम ही वाद्ये लिहिले तेच वाजवतात. सा काळी पाच धरला, की क्लॅरिनेट आणि ट्रम्पेटच्या कागदावर एकही शार्प किंवा फ्लॅट (सूर अर्ध्याने चढवण्याची किंवा उतरवण्याची खूण) उरत नाही, आल्टोला एक शार्प येतो, आणि फ्लूट व ट्रॉम्बोनला दोन फ्लॅट येतात, जे त्या वाद्यांना अगदी अंगवळणी पडलेले असतात. ट्रम्पेटवर पिस्टन न दाबता निघणारे सूरही सा, प आणि वरचा सा हेच येतात. आपल्या मुलांपैकी कोणी पूर्वी बिगुल वाजवला असेल, तर त्याच्या ओठांना या तीन जागा आधीपासून ठाऊक असतात.

माझी स्वतःची पहिली शालेय रचना मी पांढरी एकमध्ये, म्हणजे सीमध्ये, लिहिली होती. पेटीवर सोपी, म्हणून बँडवरही सोपी असेल, असा माझा समज होता. परिणामी क्लॅरिनेट आणि ट्रम्पेटला दोन शार्प आले, आल्टोला तीन आले, आणि ट्रॉम्बोनचे जे झाले ते मी अजून विसरलेलो नाही. ट्रॉम्बोनवर स्लाइडच्या, म्हणजे पुढे-मागे सरकणाऱ्या नळीच्या, सात पोझिशन असतात आणि पांढरी एकमधला खर्जाकडचा सा सहाव्या पोझिशनमध्ये सापडतो. पहिल्या ओळीतला सातवीतला मुलगा त्या सा साठी दर वेळी उजवा खांदा पुढे काढत असे, कमरेतून वाकत असे, आणि तेवढ्यात माउथपीस ओठांवरून सरकत असे. सम आली की तो वाकलेला दिसे आणि सा ऐकू येत नसे. चूक त्याची नव्हती. ज्या सुरावर रचना विसावते, तोच सूर मी त्याच्या हाताच्या टप्प्याबाहेर ठेवला होता. त्यानंतर एकही रचना मी हातांचा विचार न करता लिहिलेली नाही.

आपण भूप निवडलात ते फार चांगले केलेत. मध्यम आणि निषाद वर्ज्य असल्यामुळे लगतच्या दोन सुरांत अर्ध्या सुराचे अंतर कुठेच राहत नाही, त्यामुळे एखादे मूल मागे राहिले किंवा पुढे गेले तरी सूर एकमेकांना फारसे टोचत नाहीत, आणि सूर किंचित उतरला तरी कान सांभाळून घेतो. मात्र एक गोष्ट मला कळायला बरीच वर्षे लागली. काळी पाचच्या भूपात चढत जाताना जवळजवळ प्रत्येक पायरीवर कोणत्या ना कोणत्या वाद्याचे अडण्याचे ठिकाण येते, आणि ते दर वेळी वेगळ्या वाद्याचे असते.

सा–रे ही पायरी ट्रॉम्बोनला नडते. सा पहिल्या पोझिशनमध्ये आणि रे सहाव्या, म्हणजे लहान मुलाला हात जवळजवळ पूर्ण लांबवावा लागतो, आणि जलद लयीत तो सूर घसरतच येतो. रे–ग ही पायरी फ्लूटची. रे वाजवताना डाव्या हाताचे एकच बोट आणि उजवी करंगळी दाबलेली असते, आणि ग वर जाताना तेच बोट व करंगळी उचलून बाकीची जवळपास सगळी बोटे एकदम टेकवावी लागतात. ग–प ही पायरी आल्टोला अवघड जाते, कारण ग एका बोटाचा असतो, तर प साठी दोन्ही हातांची सहा बोटे आणि वरच्या सप्तकाची चावी एकाच क्षणी लागते. आणि ध–सां (सां म्हणजे तार सा) ही पायरी क्लॅरिनेटची.

ही शेवटची पायरी थोडी समजून घ्यावी, कारण आपल्या बँडमध्ये सात क्लॅरिनेट आहेत आणि रचनेचा कणा तेच असणार आहेत. फ्लूट आणि सॅक्सोफोनमध्ये जोर वाढवून किंवा चावी दाबून वरच्या पट्टीत गेले, की तोच सूर एक सप्तक वर निघतो. क्लॅरिनेटची नळी सरळ आणि माउथपीसच्या बाजूने बंद असल्यामुळे तिथे चावी दाबल्यावर सूर सप्तकभर वर न जाता सप्तक आणि त्यावर सा ते प इतकी उडी घेतो. मधली जागा भरून काढण्यासाठी वाद्याच्या गळ्याशी काही सूर बसवलेले असतात. आपला ध हा त्यांतलाच एक आहे. तो फक्त डाव्या तर्जनीने वाजतो आणि आवाजाला बारीक असतो. तिथून तार सा वर जायचे तर मोकळी असलेली जवळजवळ सगळी छिद्रे एका क्षणात झाकावी लागतात. एक जरी बोट छिद्राच्या कडेवर राहिले, तरी वाद्य किंचाळते. भूपात ध वरून सां वर जाणे गळ्याला किती सहज वाटते ते आपण जाणताच. म्हणूनच गायकाने बँडसाठी भूप लिहिला, की तो पहिल्या चार बारांतच (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा गट) मुलांना त्या जागी नेऊन उभा करतो.

मागच्या एका तुकडीत आठवीतील एक मुलगी तिसऱ्या क्लॅरिनेटवर होती. तिचे वाद्य किंचाळले की आजूबाजूची मुले मागे वळून बघत, आणि ती पुढच्या दोन ओळी वाजवतच नसे. मी शेजारी बसून पाहिले, तेव्हा दिसले की तिची उजवी अनामिका छिद्राच्या मधोमध न पडता बाहेरच्या कडेला पडत होती. आम्ही एक केले: गळ्याचे सूर वाजवतानाच उजव्या हाताची तिन्ही बोटे आधीपासून छिद्रांवर टेकवून ठेवायची. त्या सुरांना त्याने फारसा धक्का लागत नाही, आणि वर जाताना निम्मी बोटे जागेवर असतात. हा उपाय सगळ्या क्लॅरिनेटवाल्या मुलांना शिकवावा. पण रचना करताना मात्र असे धरून चालावे, की सातपैकी दोघे-तिघेच ही पायरी बिनचूक चढतील.

आता याचा उपयोग कसा करायचा ते प्रत्यक्ष पाहू. समजा, मुखडा असा आहे, प्रत्येक बारात चार मात्रा (ऽ म्हणजे आधीचा सूर लांबवणे, ध़ म्हणजे मंद्र धैवत): ग प ध प, ग ऽ रे सा, ध़ सा रे ग, रे ऽ सा ऽ. मुद्दाम हा मुखडा मी मध्य सप्तकाच्या खालच्या अंगाने ठेवला आहे. तो मंद्र धैवतापर्यंत उतरतो, तार सा कडे जात नाही. त्यामुळे सातही क्लॅरिनेट तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवू शकतात, आणि त्यांच्या खालच्या सुरांचा उबदारपणा आपोआप मिळतो. ध या ओळीत आहे, पण जाता जाता येतो, त्यावर थांबायचे नाही, म्हणून त्याचा बारीकपणा कानाला जाणवत नाही. आल्टोला पहिल्याच बारात ग–प येतो, तेव्हा त्यांना पहिला बार द्यायचाच नाही. त्यांनी दुसऱ्या बारात ग वर यावे आणि पुढे क्लॅरिनेटच्या सुरात सूर मिळवून मुखडा पुरा करावा. फ्लूटला याच्या उलट करावे: पहिला बार त्यांनी एक सप्तक वरून वाजवावा, आणि दुसऱ्या बारात जिथे ग–रे सुरू होते तिथे पंचम धरून थांबावे. दोन युफोनियमना संपूर्ण मुखडा एक सप्तक खालून द्यावा, कारण पिस्टन असल्यामुळे त्यांना ट्रॉम्बोनसारखी सा–रेची अडचण नाही. फक्त मंद्र धैवत त्यांच्यासाठी बराच खाली जातो, त्या एका मात्रेला त्यांना विश्रांती दिली तरी चालते. टेनरलाही त्यांच्याच बरोबर ठेवावे.

ट्रॉम्बोनला सा आणि प यांचा आधार धरू द्यावा. त्या वाद्यावर सा, प आणि वरचा सा हे तिन्ही सूर पहिल्याच पोझिशनमध्ये मिळतात, म्हणजे हात हलवायचाच नाही, फक्त ओठांनी सूर बदलायचा. आपल्याकडे तानपुरा जे करतो ते तिघांनी आलटून पालटून श्वास घेत करावे. कोणी कुठे श्वास घ्यायचा, हे त्यांच्या कागदावर स्वल्पविरामासारख्या खुणेने लिहूनच द्यावे. 'जमेल तसा घ्या' म्हटले, की तिघेही एकाच ठिकाणी घेतात.

असे वाटून दिल्यावर ऐकणाऱ्याला एकच अखंड मुखडा ऐकू येतो. कुणाला कुठे वगळले आहे, हे त्याला कळत नाही. प्रत्येक मुलाला मात्र आपण अवघड जागी उघडे पडत नाही, हे पहिल्याच तालमीत कळते, आणि ती धीटपणे फुंकतात. भित्र्या फुंकरीचा सूर नेहमी उतरलेला असतो, त्यामुळे बँडच्या सुरेलपणाचा बराचसा प्रश्न रचनेतच सुटतो.

अंतऱ्याला आपल्याला तार सा कडे जायचेच असणार, आणि जावेच. ग प ध सां हे चढणे फ्लूटला सोपे आहे, कारण रे–ग वगळले की वरच्या अंगात त्यांना अडचण उरत नाही. आल्टोला एकदा पंचमावर नेऊन उभे केले, की तिथून ध आणि सां फक्त बोटे उचलत गेले की मिळतात. त्यामुळे अंतरा फ्लूट आणि आल्टोला द्यावा, दोन भरवशाचे ट्रम्पेट त्यांच्या जोडीला द्यावेत, आणि क्लॅरिनेटना खाली ग आणि प वर लांब सूर द्यावेत. त्यांतल्या ज्या दोघा-तिघांना वरची पायरी जमते, त्यांना अंतऱ्याच्या शेवटच्या सां साठी वर येऊ द्यावे. त्या मुलांना त्याचा फार अभिमान वाटतो आणि तो वाटायलाच हवा.

ट्रम्पेटबद्दल एक सावधगिरीची सूचना. सहा ट्रम्पेट असले की त्यांच्याकडूनच सगळे वाजवून घेण्याचा मोह होतो, कारण ते ऐकू येतात. परंतु या वयात ओठांचे स्नायू लवकर थकतात, आणि थकलेल्या ओठांनी वरचा सूर काढायचा तर मूल माउथपीस ओठांवर दाबते, त्याने सूरही बिघडतो आणि ओठही दुखावतात. आठ बार वाजवले की किमान चार बार विश्रांती, हे प्रमाण मी पाळतो. ज्यांच्या दातांना तारा आहेत, त्यांना वरचे सूर देऊ नयेत.

श्वासाचे गणित लिहितानाच करावे. मिनिटाला ९६ मात्रांची लय धरली, तर चार मात्रांचा एक बार अडीच सेकंदांचा होतो आणि चार बारांचा मुखडा दहा सेकंदांचा. आपल्या वहीत ज्या मुलांपुढे सहा-सात सेकंद लिहिलेले असतील, त्यांना दुसऱ्या बारानंतर श्वासाला जागा हवी. मुखडा दोन-दोन बारांच्या तुकड्यांत बोलला जाईल असा ठेवला, तर ती जागा मुद्दाम करावी लागत नाही. त्याच लयीत ६४ बार म्हणजे दोन मिनिटे चाळीस सेकंद होतात, आणि पहिल्या रचनेला तेवढे भरपूर आहेत. सहामाही परीक्षा, दिवाळीची सुट्टी आणि खेळांच्या स्पर्धा वजा केल्या, की जानेवारीपर्यंत सगळी मुले हजर असलेल्या तालमी बोटांवर मोजण्याइतक्याच हाती लागतात.

साथीच्या सुरांसाठी भूपाच्या बाहेर जाण्याची गरज नाही. सा–ग–प आणि ध–सा–ग या दोन जुळण्या रागातच मिळतात, आणि सा–रे–प हे तीन सूर एकत्र धरले तर थोडी उत्सुकता निर्माण होते, जी मुखड्यावर परतताना उपयोगी पडते. पाश्चात्त्य पद्धतीची म आणि नि असलेली हार्मनी खाली घातली, की चाल भूपाची राहत नाही. ती एखाद्या साध्या मेजर स्केलच्या गाण्यासारखी ऐकू येऊ लागते. माझे याबाबत ठाम मत आहे, परंतु ते सर्वांचे नाही. खर्जात मात्र गंधार कधी ठेवू नये. खालच्या सप्तकात सा आणि ग एकत्र वाजले की आवाज गढूळ होतो. तिथे सा आणि प पुरेत, ग वरच्या वाद्यांनी घ्यावा.

तालवाद्यांच्या पाच मुलांना साईड ड्रम, बेस ड्रम आणि झांज येत असेलच. त्यांच्या हातात आणखी एक गोष्ट आधीपासून आहे, ती म्हणजे लेझीम. आपल्या शाळांमधून कवायतीच्या तासाला मुले ती शिकतात, तिचे बहुतेक हात चार किंवा आठ आकड्यांत बसतात, आणि ६४ बारांच्या रचनेत ती सहज सामावते. अंतऱ्यानंतर आठ बार फक्त लेझीम आणि साईड ड्रमच्या कडेवरचे ठोके ठेवावेत, म्हणजे फुंकणाऱ्या सगळ्यांना वीस सेकंद विसावा मिळतो आणि मुखडा परत येतो तेव्हा ताजा वाटतो. ढोल मात्र घेऊ नये. पुण्यातल्या मुलांना तो हवासा वाटेल, पण एका ढोलापुढे चार फ्लूट आणि तीन आल्टो पार बुडून जातात. तालवाद्यांचा पार्ट, म्हणजे त्या वाद्यापुरता कागद, प्रत्येक बाराचा लिहून द्यावा. 'ठेका धर' एवढेच सांगितलेले मूल दर तालमीला निराळे काहीतरी वाजवते. झांज वाजवणारे मूल चाळीस बार थांबून एक ठोका देणार असेल, तर त्याच्या कागदावर आधीच्या दोन बारांतली ट्रम्पेटची ओळ बारीक अक्षरांत लिहावी, म्हणजे त्याला नुसते आकडे मोजत बसावे लागत नाही.

जानेवारी म्हणजे सर्दी-तापाचे दिवस, त्यामुळे कार्यक्रमाच्या दिवशी ३२ पैकी ३२ मुले येतील असे धरू नये. गुस्टाव्ह होल्स्ट हे इंग्रज संगीतकार स्वतः ट्रॉम्बोन वाजवत आणि १९०५ पासून लंडनच्या सेंट पॉल्स गर्ल्स स्कूलमध्ये संगीत शिकवत. १९०९ मध्ये त्यांनी लष्करी बँडसाठी ई फ्लॅटमधील पहिली स्वीट (suite, म्हणजे अनेक भागांची रचना) लिहिली, तेव्हा बरेच पार्ट ऐच्छिक म्हणून नोंदवले, म्हणजे ज्या बँडकडे ती वाद्ये नाहीत त्यांनाही ती रचना वाजवता यावी. आपणही तसेच करावे. रचनेतली कोणतीही गरजेची ओळ एकाच मुलाच्या हाती ठेवू नये. आपल्याकडे टेनर एकच आहे आणि सुझाफोन एकच. सुझाफोनची ओळ दुसऱ्या युफोनियमच्या कागदावर बारीक अक्षरांत लिहून ठेवावी, आणि टेनरला असे काहीही देऊ नये जे युफोनियममध्ये नाही. याच रचनेतून शिकण्यासारखी दुसरी गोष्ट अशी, की तिचा पहिला भाग आठ बारांच्या एकाच धूनवर उभा आहे. ती पुन्हा पुन्हा येते आणि दर वेळी वाद्यांचा मेळ बदलतो. पहिल्या रचनेला चार-पाच चाली लागत नाहीत. एक मुखडा चार वेळा चार निरनिराळ्या वेषांत आणला तरी पुरते.

कार्यक्रम नाट्यगृहात आहे की शाळेच्या मैदानावर, हे आपण लिहिलेले नाही. मैदानावर असेल तर भिंती नसल्यामुळे आवाज परत येत नाही, मागच्या ओळीला पुढची ओळ ऐकू येत नाही, आणि नाजूक विणकाम हरवून जाते. विसर्जन मिरवणुकीत लक्ष्मी रस्त्यावर प्रभात किंवा दरबार बँडसारखे जुने बँड वाजतात, तेव्हा लक्ष देऊन ऐकावे: चाल एकाच वेळी दोन सप्तकांत वाजते आणि मधल्या रिकाम्या जागेत मोठी वाद्ये छोटी उत्तरे देतात. उघड्यावर ऐकू जाण्यासाठी पिढ्यांच्या अनुभवातून आलेली ती पद्धत आहे आणि ती आपल्याला जशीच्या तशी वापरता येते. जानेवारीतल्या सकाळी आणखी एक करावे लागते. गार वाद्यातली हवा गार असते, गार हवेत ध्वनीचा वेग कमी असतो, म्हणून सूर उतरतो. सूर मिळवण्याआधी मुलांनी दहा मिनिटे वाद्ये फुंकून गरम करावीत.

स्कोअर संगणकावर लिहायला म्यूझस्कोर (MuseScore) ही मोफत प्रणाली चांगली आहे, प्रत्येक वाद्याचा पार्ट ती आपोआप योग्य सुरात बदलून देते. ती वाजवून दाखवते त्यावर मात्र विसंबू नये. संगणकाला श्वास लागत नाही, त्याच्या क्लॅरिनेटला गळ्याचे सूर बारीक येत नाहीत, आणि त्याचा खालच्या सप्तकातला फ्लूट सहा ट्रम्पेटच्या गर्दीतही ऐकू येतो. आपल्या शाळेतला येणार नाही. पार्ट छापण्याआधी युफोनियमच्या मुलांना एक विचारावे: ती ट्रेबल क्लेफ वाचतात की बेस? आपल्याकडे दोन्ही पद्धतींनी शिकवले जाते, आणि ट्रेबल वाचणाऱ्यांना पार्ट क्लॅरिनेटसारखा बदलून द्यावा लागतो.

कागद हातात देण्यापूर्वी संपूर्ण रचना मुलांकडून सरगममध्ये गाऊन घ्यावी. इथे आपल्या शिक्षणाचा फार मोठा फायदा आहे. क्लॅरिनेटचा सी, आल्टोचा जी आणि फ्लूटचा बी फ्लॅट यांत गोंधळलेली मुले सरगम गाऊ लागली, की सगळ्यांचा सा एकच होतो. ज्याला आपली ओळ गाता येते, तो वाजवताना चुकला तरी आपली चूक स्वतःच ओळखतो. या रचनेच्या पहिल्या दोन तालमींत वाद्ये पेटीतच ठेवावीत. मुले कुरकुर करतील, करू द्यावी.

तिसऱ्या तालमीला पेन्सिल आणि खोडरबर घेऊन जावे, आणि पहिल्यांदा सगळे मिळून वाजवताना हात न हलवता फक्त ऐकावे. जिथे तीनपेक्षा जास्त मुले एकाच जागी अडतील, ती जागा बदलावी. तिथे मुलांना आणखी घोटून घेण्यापेक्षा सूर बदलणे बरे. अशा दहा-बारा जागा निघतील. माझ्या अलीकडच्या एका रचनेत चौदा निघाल्या होत्या.

आणि सुझाफोनच्या मुलाला चार बार तरी मुखडा द्यावा. तो तीन मिनिटे सा आणि प एवढेच वाजवत सगळ्या बँडला तोलून धरत असतो, आणि घरी सराव करताना त्याच्या आईला त्या दोन सुरांतून गाणे कोणते ते कळत नाही. लेझीमच्या आठ बारांनंतर मुखडा परत येतो तेव्हा तो आधी त्याला एकट्याला, सावकाश, अगदी खर्जात वाजवू द्यावा. आपल्या मुखड्यातला मंद्र धैवत त्याला फार खाली जाईल, तिथे सा वरच थांबवून पुढचा रे घ्यायला सांगावे.